किल्ली ते किल्ली

गेल्या अंकात मी या सदरात दोनच ओळी लिहिल्या होत्या. महापालिकेच्या किंवा दुसऱ्या सार्वजनिक संस्थेच्या मालकीची भाड्याची घरं एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत महिनोन्‌महिने कुलपात राहतात, आणि ते दिवस कमी करता येतात, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते: मी पुण्यात एका सार्वजनिक संस्थेच्या वसाहतींची देखभाल पाहायचे, आधी कनिष्ठ अभियंता आणि नंतर शाखा अभियंता म्हणून. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं तिच्या एकटीचं नव्हतं. पत्रं पाठवणाऱ्यांची नावंही गाळली आहेत.

प्रश्न: आम्ही दत्तवाडीत दहा बाय बाराच्या खोलीत भाड्याने राहतो, माणसं पाच. भाडं साडेसहा हजार. यजमान एका कार्यालयात चतुर्थ श्रेणीत आहेत. घरासाठी अर्ज देऊन चार वर्षं झाली. दर वेळी उत्तर एकच, घर शिल्लक नाही. पण त्याच वसाहतीत मी पोळ्या करायला जाते, तिथे तळमजल्यावर दोन दारांना वर्षभर कुलूप आहे. एकाच्या कडीवर कोळिष्टकं धरली आहेत. शिल्लक नाही तर ही घरं कोणाची? (एक वाचक भगिनी, दत्तवाडी)

उत्तर: ताई, खिडकीतला माणूस तुमच्याशी खोटं बोलत नसावा, आणि तुम्हाला दिसलं तेही खरं आहे. कार्यालयाच्या भाषेत ‘शिल्लक’ म्हणजे दुरुस्त झालेलं, वीज-पाणी चालू असलेलं आणि वाटपासाठी यादीवर चढवलेलं घर. कुलपातलं घर ‘दुरुस्तीत’ असतं. आता ‘दुरुस्तीत’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मिस्त्री, वाळूचं घमेलं, भिजवलेला चुना येईल. तसं काही नसतं. बहुतेक दिवस तिथे कोणीच नसतं.

एका गाळ्याचं, म्हणजे वसाहतीतल्या एका घराचं, सांगते. तळमजला, एक खोली, स्वयंपाकघर, मागे नहाणी. गाळेधारक ३१ मेला निवृत्त झाले, सामान टेंपोत घालून सासवडकडे गावी गेले आणि ४ जूनला किल्ली कार्यालयात देऊन गेले. शिपायाने किल्ली खणात ठेवली. घर सोडल्याचा अर्ज आवक-जावकमधून वेगळा निघाला. त्या किल्लीची आणि त्या कागदाची गाठ पडायला एकोणीस दिवस लागले. मग मला पाहणीचं पत्र आलं. मी जाऊन एस्टिमेट केलं: दोन बिबकॉक म्हणजे भिंतीतले नळ, फ्लशची टाकी, नहाणीच्या दाराची खालची कुजलेली फळी, भिंतीचे पोपडे काढून गिलावा आणि रंग. चौदा हजारांचं काम. ते एस्टिमेट तीन टेबलांवरून वर गेलं, एक शंका घेऊन खाली आलं, पुन्हा वर गेलं. मग कोटेशनं मागवली. तोवर श्रावण उलटून गेला होता.

वर्क ऑर्डर हातात आल्यावर मिस्त्रीला घर उघडून द्यायला मी स्वतः गेले. कुलूप निघालं, पण दार निघेना. फुगलं होतं. मिस्त्रीने खांदा लावला तेव्हा उघडलं. आत भिंतीला कमरेपर्यंत ओल. स्वयंपाकघराच्या चौकटीवर वाळवीची मातीची नळी जमिनीपासून वरच्या बिजागरीपर्यंत गेलेली, बोटाने दाबली तर आतलं लाकूड पापडासारखं मोडलं. मागच्या खिडकीचा एक गज वाकवून कोणीतरी शिरलेलं, आणि बदलायचे होते ते दोन नळ, शिवाय चांगला होता तो तिसराही काढून नेलेला. चौदा हजारांचं एस्टिमेट फाडायच्या लायकीचं झालं. नवीन केलं ते एकतीस हजारांचं. पुन्हा तीच तीन टेबलं.

नव्या कुटुंबाच्या हातात किल्ली पडली १३ जानेवारीला, भोगीच्या दिवशी. त्या घरातल्या बाईंनी रिकाम्या ओट्यावर आधी हळदीकुंकू वाहिलं. मी कार्यालयात येऊन कॅलेंडर काढलं आणि मोजलं. ४ जून ते १३ जानेवारी, २२३ दिवस. त्यातले मिस्त्री, प्लंबर, रंगारी असं कोणीही त्या घरात काम करत होतं ते दिवस अकरा.

त्या दिवशी मी एक शंभर पानी वही केली. प्रत्येक गाळ्याला एक ओळ. किल्ली आली, पाहणी झाली, मंजुरी मिळाली, काम सुरू, काम पूर्ण, वीज चालू, वाटपपत्र, किल्ली दिली. आठ रकाने, आठ तारखा. सात-आठ गाळे भरले तेव्हाच चित्र दिसलं. प्रत्यक्ष कामाला दोन आठवड्यांच्या वर कधीच लागलेलं नव्हतं. सगळे दिवस एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना गेलेले होते.

म्हणून ताई, यापुढे ‘घर शिल्लक आहे का’ असं विचारू नका. त्या दोन दारांचे क्रमांक टिपून घ्या आणि लेखी विचारा: या गाळ्याची किल्ली कार्यालयात कोणत्या तारखेला आली, आणि आज तो गाळा कोणाकडे प्रलंबित आहे? या प्रश्नाला ‘शिल्लक नाही’ हे उत्तर देता येत नाही.

प्रश्न: अशा घरांचं भाडं महिना सहा-सातशे रुपये. घर सात महिने रिकामं राहिलं तरी संस्थेचे पाच हजार बुडतात. एवढ्या रकमेसाठी सगळी यंत्रणा पळवायची का? (निवृत्त लेखापाल, सदाशिव पेठ)

उत्तर: काका, तुम्ही आयुष्यभर हिशेब पाहिलात, म्हणून हिशेबानेच बोलते. वरच्याच गाळ्यात एस्टिमेट चौदावरून एकतीस हजारांवर गेलं. म्हणजे भाड्याच्या पाच हजारांवर आणखी सतरा हजार केवळ थांबण्यापायी गेले. बंद घर जसंच्या तसं राहत नाही. नळ न सोडल्यामुळे नहाणीच्या आणि मोरीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या नळीत साचून राहणारं, पाणी काही आठवड्यांत आटतं, मग गटाराचा वास आणि झुरळं सरळ वर येतात. खिडक्या बंद म्हणून ओल सुकत नाही. पावसाळ्यात गच्चीचा किंवा वरच्या मोरीचा एक थेंब गळत असेल तर राहता माणूस दुसऱ्या दिवशी ओरडतो. बंद घरात तो थेंब चार महिने गळतो.

आणि दुसरी बाजू. वरच्या पत्रातल्या ताई महिना साडेसहा हजार भरतात. सात महिन्यांचे झाले साडेपंचेचाळीस हजार. ही रक्कम संस्थेच्या कुठल्याच खतावणीत येत नाही, पण ती एका चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याच्या घरातून गेलेली असते. मुलीची फी, सासूचं औषध, त्यातून ती निघते. ते मी नुकसानीतच धरते.

हे मला लागतं त्याला एक घरचं कारणही आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आमचं बिऱ्हाड नदीकाठच्या पेठेत होतं. आई सांगायची, शाळेच्या एका वर्गात चार कुटुंबं, मध्ये लुगड्यांचे पडदे. घर तयार आहे, फक्त कागद व्हायचा आहे, असं त्यांना सांगितलं गेलं आणि त्या कागदाला पुढे पाच आठवडे लागले. तयार घर आणि वाट पाहणारं माणूस यांच्यामध्ये फक्त एक कागद उभा होता, हे ती ऐंशीव्या वर्षीही विसरली नव्हती.

प्रश्न: मॅडम, मी कनिष्ठ अभियंता आहे, माझ्याकडे तीन वसाहती आहेत. तुम्ही दिवस मोजा म्हणता, पण मोजून काय करणार? मंजुरी माझ्या हातात नाही, निधी मार्चमध्ये संपतो, पावसाळ्यात रंग बसत नाही. नेमकं काय करायचं ते सांगा. (नाव, कार्यालय देऊ नये)

उत्तर: तुमच्या खुर्चीवर मी बसले आहे, त्यामुळे नुसता उपदेश करणार नाही. मला ज्याचा उपयोग झाला तेच सांगते.

पहिली गोष्ट, किल्ली यायची वाट पाहू नका. सेवानिवासस्थान असेल तर गाळेधारक कधी निवृत्त होणार ही तारीख त्याच्या सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून असते. आस्थापनेकडून पुढच्या वर्षभराची निवृत्तांची यादी मागून घ्या. एक पाहाल. ३१ मेला सर्वांत जास्त नावं येतील. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून जन्मतारीख टाकली, आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे नेमकी पावसाच्या तोंडावर घरं मोकळी व्हायला लागतात. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी आपल्याला ते अचानक झाल्यासारखं वाटतं. ती पाहणी एप्रिलमध्ये करा, घरात माणसं राहत असताना. चहा होईल, आणि कुठल्या भिंतीला कधीपासून ओल आहे हेही घरातली बाई तुम्हाला सांगेल, जे बंद घरात तुम्हाला कळणार नाही. सोबत छोटी हातोडी ठेवा आणि गिलावा वाजवून पाहा, पोकळ असेल तर आवाजच सांगतो. एस्टिमेट मे महिन्यात मंजुरीला गेलं की किल्ली हातात येईल तेव्हा वर्क ऑर्डर तयार असते.

निवासस्थान नसून साधं भाड्याचं घर असेल तर वाटपाच्या अटींत महिन्याभराच्या लेखी सूचनेचं कलम आहे का ते पाहा. बहुतेक ठिकाणी असतं आणि कोणी त्याकडे बघत नाही.

दुसरं, मंजुरी. दर गाळ्याला वेगळं एस्टिमेट, वेगळी कोटेशनं, वेगळी फाईल, यातच निम्मं वर्ष जातं. त्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला एकच खुली निविदा काढून दर ठरवून घ्या: नळ बदलणे, फ्लश टाकी, एक चौरस मीटर गिलावा, एक दार, एक पॉइंट वायरिंग. शासनाची दरसूची आधाराला आहेच. मग ठराविक रकमेपर्यंतचं काम तुमच्या सहीच्या आदेशावर सुरू होऊ शकतं आणि मोजमाप पुस्तकात नोंद करून बिल निघतं. मोठ्या कामाचे तुकडे पाडून मर्यादेत बसवायचा मोह मात्र कोणी दाखवला तरी धरू नका. लेखापरीक्षणात ते पहिल्यांदा सापडतं आणि मग चांगली पद्धतही बंद पडते. हा प्रस्ताव वर पाठवताना सोबत वहीची झेरॉक्स जोडा. मी तेच केलं होतं. साहेबांना आठ तारखांची एक ओळ दाखवली आणि विचारलं, यातले कोणते दिवस माझ्या हातात आहेत? त्यांनी ती वही दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतली. दरकराराचा प्रस्ताव त्यानंतर पंधरवड्यात मार्गी लागला.

तिसरं, सगळंच काम घर रिकामं असताना करायचा हट्ट सोडा. वायरिंग सुरक्षित, नळाला पाणी, संडास चालू, दार-खिडक्यांना कडी-कोयंडा धड, छत गळत नाही, एवढं झालं की घर देता येतं. बाहेरचा रंग, जिन्याची फरशी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग ही कामं माणूस आत राहत असतानाही होतात. ओलसर भिंतीला पावसाळ्यात रंग देऊ नकाच, पोपडे धरेल. भिंत खरवडून तशीच द्या आणि ताबापावतीवर ‘रंगकाम दिवाळीनंतर’ असं लिहून सही करा. लोक ऐकतात. पाच माणसं दहा बाय बारात राहणाऱ्या बाईला रंग नंतर मिळाला तर चालतं, मी विचारून पाहिलेलं आहे.

वाटपाची फाईल दुरुस्ती संपल्यावर हलवायची, ही सवय सर्वांत जास्त दिवस खाते. घर दुरुस्त होतं तेव्हा कुठे यादीतला पहिला क्रमांक बोलावतात. तो पाहून जातो, चौथा मजला नको म्हणतो. दुसऱ्याला पत्र जातं, त्याचे कागद अपुरे निघतात. तिसऱ्याची बदली झालेली असते. वाटपाच्या टेबलावरच्या माणसाशी बोला. यादीतले पहिले तीन अर्जदार, त्यांची कागदपत्रं दुरुस्ती चालू असतानाच तपासून ठेवायची, तिघांनाही एकाच दिवशी घर दाखवायचं, क्रमाने विचारायचं, नकार असेल तर तिथेच लेखी घ्यायचा. क्रम मोडत नाही आणि दोन महिने वाचतात.

विजेचं विसरू नका. किल्ली घेता त्याच दिवशी मीटरचं रीडिंग टिपा, फोटो काढा, जुन्या भाडेकरूकडून शेवटचं बिल भरून घ्या. थकबाकी साचून मीटर पीडी झाला, म्हणजे जोडणी कायमची तोडली गेली, की नव्याला पहिल्यापासून अर्ज, अनामत, हेलपाटे. बिल वेळेत मिटलं तर नुसतं नाव बदलून काम भागतं. एका तयार घरात निव्वळ मीटर नाही म्हणून कुटुंब सहा आठवडे राहायला येऊ शकलं नव्हतं. दहावीतल्या मुलाला अंधारात कुठे बसवू, असं वडील म्हणाले, आणि मला उत्तर सुचलं नाही.

बारीकसारीक बरंच आहे. नळ, लॅच, फ्लश टाकी सगळ्या गाळ्यांत एकाच मापाचं वापरा आणि दोन-चार नग स्टोअरमध्ये ठेवा. घर बंद ठेवावंच लागलं तर आठवड्यातून एकदा पहारेकऱ्याकडून दारं-खिडक्या तासभर उघडून घ्या. आणि प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल सोडा. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर आटत नाही, वास आणि झुरळं खालीच राहतात. हे मला एका म्हाताऱ्या प्लंबरने शिकवलं.

प्रश्न: एकतीस वर्षं राहिलेलं घर पुढच्या महिन्यात सोडतो आहे. ओट्याला कडाप्पा काढून ग्रॅनाइट बसवला, खिडक्यांना जाळ्या, वर लॉफ्ट, सगळं माझ्या पैशाने. काढून नेऊ का? आणि रंग देऊन जावं का? (पर्वती पायथा)

उत्तर: दादा, तुमची वस्तू तुम्ही लावली हे खरं, पण उखडताना भिंत आणि ओटा दोन्ही फुटतील आणि त्याची दुरुस्ती अनामतीतून कापली जाईल. जाळ्या आणि ग्रॅनाइट राहू द्या असं मी सुचवीन. त्याची यादी करून अर्जाला जोडा म्हणजे कोणी नंतर तुमच्यावर अनधिकृत बदलाचा ठपका ठेवणार नाही. रंगाचे पैसे घालू नका. तुम्ही रंग दिलात तर त्याखालची ओल झाकली जाते आणि नव्या माणसाला ती पावसाळ्यात भेटते.

किल्ली मात्र शिपायाच्या हातात देऊन येऊ नका. तारीख-शिक्का असलेली ताबापावती घेतल्याशिवाय जिना उतरू नका. भाडं त्या तारखेपर्यंतच लागतं, आणि पुढचे दिवस मोजायला सुरुवातही त्या तारखेपासूनच होते.

प्रश्न: माझी मुलगी इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, गृहविभागात आहे. ती सांगते, तिकडे रिकामं घर किती दिवस राहिलं याचा हिशेब ठेवतात. आपल्याकडे तसं का होऊ नये? (बिबवेवाडी)

उत्तर: होऊ शकतं. तिकडे अशा घराला ‘व्हॉइड’ म्हणतात आणि एक भाडेकरार संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंतचे सरासरी दिवस ही कौन्सिलच्या कामाची एक मोजपट्टी असते. भाडं आठवड्याच्या हिशेबाने असतं, त्यामुळे एक आठवडा गेला तरी तो वहीत दिसतो. भाडेकरूने साधारण चार आठवड्यांची सूचना द्यायची असते. बरीच कौन्सिलं त्या चार आठवड्यांतच माणूस पाठवून घर पाहून घेतात. गॅसची तपासणी दरवर्षी करणं तिथल्या १९९८ च्या नियमांनी घरमालकावर बंधनकारक आहे आणि नवा भाडेकरू येण्याआधी तिचा ताजा दाखला त्याला द्यावा लागतो. विजेची तपासणीही त्याच वेळी उरकतात.

मला जास्त रस वाटतो तो त्यांच्या वाटपाच्या पद्धतीत. ती मुळात नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावची. मोकळ्या होणाऱ्या घरांची यादी जाहीर करायची, आणि ज्यांचा अर्ज आहे त्यांनी आपल्याला कोणतं घर हवं ते कळवायचं. जो आपणहून मागतो तो सहसा नाही म्हणत नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरमधल्या हार्बरोने २००० मध्ये ती आणली आणि मग ती पसरली. घर अजून पूर्वीच्या भाडेकरूकडे असतानाच जाहिरात लागू शकते.

आपल्याकडे मी ती जशीच्या तशी उचलणार नाही. इथे ज्येष्ठतेची यादी हाच गरिबाचा एकमेव आधार आहे आणि ‘हवं ते मागा’ म्हटलं की ओळखीवाला पुढे घुसेल, ही भीती खरी आहे. पण मोकळ्या होणाऱ्या घरांची यादी दर महिन्याला फलकावर लावायला, मजला आणि माप लिहून, कोणताच नियम आड येत नाही. चौथ्या मजल्याला नकार देणारा निदान आधीच नकार देईल. तुमच्या मुलीला माझ्या वतीने एक विचारा: मोठ्या दुरुस्तीची घरं त्या सरासरीत धरतात की वेगळी मोजतात? आकडा चांगला दिसावा म्हणून अवघड घरं मोजणीतून बाहेर काढायचा मोह कुठेही होऊ शकतो.

प्रश्न: घर देऊन टाकलं की माणूस निघत नाही, भाडेनियंत्रण कायदा त्याच्या बाजूने. त्यापेक्षा कुलूप बरं, असं आमच्या एका अधिकाऱ्यांचं मत आहे. (शिवाजीनगर)

उत्तर: त्यांचा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना लागूच होत नाही, कलम ३ मध्ये तसं स्पष्ट आहे. महापालिकेच्या जागेतून अनधिकृत माणसाला काढण्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ८१ ब आहे. नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि ते योग्यच आहे. घुसखोर शिरतात ते बहुतेक कुलपाच्याच घरात. ज्या दाराबाहेर चपला आहेत आणि दोरीवर कपडे वाळताहेत तिथे कोणी घुसत नाही.

बांधून झाल्यावर कधीच वाटप न झालेल्या इमारतींची गोष्ट वेगळी. सरकारी निधीतून बांधलेली अशी घरं भाड्याने देण्यासाठी केंद्राने जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडेघरांची योजना आणली, त्यात ती पंचवीस वर्षांच्या कराराने चालवायला द्यायची सोय ठेवली होती. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

प्रश्न: आमच्या प्रभागातल्या वसाहतीत किती घरं किती दिवसांपासून बंद आहेत हे सामान्य माणसाने कसं काढायचं? (कोथरूड)

उत्तर: माहितीच्या अधिकारात. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. ‘रिकाम्या घरांची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. गाळा क्रमांक, ताबा परत मिळाल्याची तारीख, दुरुस्तीच्या मंजुरीची तारीख, काम पूर्ण झाल्याची तारीख, नव्या वाटपाची तारीख, असे रकाने आखूनच मागा. रकाना रिकामा आला तर तेही उत्तरच आहे. त्याआधी फाईल बघायची असेल तर ती कधी पाहू देतात ते कार्यालयात विचारून घ्या. सोमवारी दुपारी ३ ते ५ कागदपत्रं पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेत सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती इतर कार्यालयांनाही सांगितली.

प्रश्न: सहा वर्षांनी नंबर लागला! येत्या गुरुवारी ताबा आहे, येरवड्याजवळच्या वसाहतीत दुसरा मजला. कागदावर सही करण्याआधी काय बघू? (एक वाचक)

उत्तर: अभिनंदन, मनापासून. सकाळी जा, पाणी येतं त्या वेळेला. सगळे नळ एकदम सोडा आणि मोरीत पाणी तुंबतं का पाहा. संडासात एक बादली ओता. प्रत्येक बटण दाबून पाहा, सोबत एक बल्ब न्या. बाथरूमचं छत हाताने चाचपा, वरच्यांची मोरी गळत असेल तर गारवा लागेल. मीटरवरचा आकडा आणि तारीख ताबापावतीवर लिहायला लावा. एखादं काम राहिलं असेल तर भांडत बसू नका आणि ताबाही नाकारू नका, पावतीवरच ‘अमुक काम बाकी’ असं लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि फोटो काढून ठेवा.

घर बरेच दिवस बंद असेल तर नहाणीतून वास येईल. घाबरू नका. ट्रॅपमध्ये दोन तांबे पाणी ओता, खिडक्या उघडा, संध्याकाळपर्यंत जाईल.